दुधनाकाठापासून गोदाकाठापर्यंत

मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग 1900 च्या आसपास निजामाच्या राज्यात पडला. तेव्हा तो मीटरगेज होता. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाला, गाड्या वाढल्या, पण गावांचा क्रम तोच राहिला. जालना मागे पडतं, परतूर जातं आणि सेलूच्या अलीकडे जमीन अशी सपाट होते की डोंगर शोधूनही सापडत नाही. फेब्रुवारीचे पहिले दिवस होते. ज्वारीची कणसं भरली होती, हरभऱ्याची काढणी चालू होती, आणि कापसाच्या पऱ्हाट्यांवर शेवटच्या वेचणीचा मळकट कापूस कुठं कुठं लोंबत होता.

परभणी जिल्ह्यात मला बघायची होती ती हिंदू, मुस्लिम आणि बौद्ध माणसांची रोजची शेजारधर्माची पद्धत. यावर लिहिणारे बहुधा दोनच सुरांत लिहितात. एक तर दर्ग्यावर नारळ फोडणारा शेतकरी दाखवून गहिवरतात, नाहीतर दंगलीची यादी देऊन हात झटकतात. परभणी या दोन्हींत बसत नाही, असं मला ऐकून माहीत होतं. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 18 लाख 36 हजार. त्यातला साधारण सहावा हिस्सा मुस्लिम, दहावा हिस्सा बौद्ध. परभणी शहर, पाथरी, जिंतूर अशा गावांत मुस्लिमांचं प्रमाण याहून कितीतरी जास्त. आणि या साऱ्यावर 1724 ते 1948 अशी सव्वादोनशे वर्षं आसफजाही राज्य होतं: राजा मुस्लिम, बहुसंख्य प्रजा हिंदू, कारभार आधी फारसीत, मग उर्दूत.

सेलूला मी फार थांबलो नाही. दुधना नदी, तिच्यावरचा निम्न दुधना प्रकल्प, मोंढ्यातले कापसाचे ढीग. पण साईबाबांचे गुरू म्हणून दासगणू महाराजांनी ज्या गोपाळराव देशमुखांचं, म्हणजे वेंकूशाचं, नाव सांगितलं ते याच सेलूचे. शिर्डीच्या फकिराचे गुरू एक ब्राह्मण देशमुख! सेलूत हे कुणालाच अजब वाटत नाही. मला वाटलं, आणि पाथरीला पोचल्यावर ते आणखी वाढलं.

पाथरीचा रस्ता उसातून जातो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी इथं फिरतं, त्यामुळे सेलूकडचा कोरडवाहू रंग संपून हिरवं दिसायला लागतं. गाव मात्र जुनं, दाटीचं. मशिदींचे मिनार, वाड्यांच्या पडक्या भिंती, बोळात लावलेल्या मोटारसायकली. आज तालुक्याचं गाव म्हणून ओळखली जाणारी पाथरी अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यातली एक सरकार होती, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचं ठाणं. तिचा तोरा त्याच्याही आधीचा.

पंधराव्या शतकात विजयनगरावरच्या एका स्वारीत बहमनी सैन्यानं एक ब्राह्मण मुलगा पकडून नेला. फरिश्ता हा इतिहासकार त्याचं मूळ नाव तिमाभट सांगतो. त्याचं घराणं पाथरीचं, कुलकर्णी वतनदार. मुलगा मुसलमान झाला, मलिक हसन बहरी या नावानं वाढला आणि निजामुल्मुल्क म्हणून बहमनी राज्याचा कर्ता झाला. 1486 मध्ये त्याचा खून झाला. त्याच्या मुलानं, अहमदनं, पुढं 1490 मध्ये स्वतंत्र राज्य थाटलं आणि काही वर्षांनी अहमदनगर वसवलं. म्हणजे अहमदनगरची निजामशाही ही पाथरीच्या कुलकर्ण्यांची पाती! तिकडे वऱ्हाडात इमादशाही उभी करणारा फतहुल्ला हाही विजयनगरच्या मुलखातून पकडून आणलेला ब्राह्मण मुलगाच. आता गंमत बघा. पाथरी होती इमादशाहीत. निजामशहाला ती हवी होती, कारण त्याचे ब्राह्मण भाऊबंद तिथं नांदत होते. बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला, तो नाकारला गेला. तेव्हा 1518 मध्ये बुऱ्हाण निजामशहानं पाथरी तलवारीनं घेतली. फरिश्ता लिहितो की पुढं हा मुलूख त्यानं आपल्या ब्राह्मण नातलगांनाच इनाम दिला आणि अकबराच्या काळापर्यंत तो त्यांच्याकडे होता. धर्म बदलला, वतनाची ओढ आणि भाऊबंदकी जशीच्या तशी. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात हे लगेच समजेल.

वैष्णव गल्लीत साई जन्मस्थान मंदिर आहे. साईबाबा इथल्या भुसारी नावाच्या यजुर्वेदी ब्राह्मण घरात जन्मले, हा शोध वि. बा. खेर यांनी 1970 च्या दशकात मांडला, आणि त्या घराच्या जागी पुढं देऊळ उभं राहिलं. शिर्डीला हे मान्य नाही. बाबांनी स्वतःची जात, धर्म, गाव कधी सांगितलं नाही, तेव्हा तुम्ही कोण सांगणारे, असा तिकडचा मुद्दा. 2018 मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद शिर्डीत पाथरीचा जन्मस्थान म्हणून उल्लेख करून गेले. जानेवारी 2020 मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीच्या विकासासाठी 100 कोटी रुपये जाहीर केले आणि 19 जानेवारीला शिर्डी बंद राहिली. आयुष्यभर मशिदीत राहिलेल्या, ओठांवर 'अल्ला मालिक' असलेल्या माणसाच्या जन्मगावावरून दोन गावं भांडली, तीही दोन्हीकडचे बहुतेक हिंदू! देवळासमोर हारांच्या दुकानाशी उभ्या असलेल्या एका पोराला मी विचारलं, शंभर कोटींचं काय झालं? तो म्हणाला, "रस्ता झाला तर आमचंबी भलं, मशिदीवाल्यांचंबी. बाबा कुठं जन्मले ते बाबाला ठाऊक."

धर्मावरून माणसाची ओळख पक्की करायला निघालं की मला मलेशिया आठवतो. तिथल्या राज्यघटनेत, 160 व्या कलमात, मलय माणूस कोण याची व्याख्या दिलेली आहे: जो इस्लाम मानतो, एरवी मलय भाषा बोलतो आणि मलय रीतीनं वागतो तो. धर्म, भाषा, चालीरीत, सगळं एका गाठीत. 1969 च्या मे महिन्यातल्या दंगलींनंतर तिथं जे आर्थिक धोरण आलं, ते याच गाठीच्या आधारानं मलयांना आणि इतर भूमिपुत्रांना झुकतं माप देणारं. चिनी आणि तमिळ वंशाचे नागरिक बाहेरच्या रांगेत. देश श्रीमंत झाला, गाठ सुटली नाही. पाथरीत ही व्याख्या लावायला गेलं तर पहिल्याच गल्लीत अडेल. घरात दखनी बोलणारा बागवान मोंढ्यात अस्सल मराठवाडी बोलतो, आणि मराठी आडनावं मुस्लिम घरांच्या पाट्यांवर सर्रास दिसतात. देशमुख, पाटील, इनामदार ही आडनावं वतनाची. धर्माशी त्यांचा संबंध नाही.

पाथरीहून मानवत, तिथून परभणी. वाटेत एका गावाबाहेर पिराच्या ओट्याशी चूल पेटलेली दिसली म्हणून उतरलो. मराठा शेतकऱ्याचं घर, नवसाची कंदुरी. मुलगा दुखण्यातून उठला होता. ओट्यावर हिरवा गलेफ, शेजारी उदाचा धूर. बायकांनी गव्हाच्या पोळ्या कुस्करून त्यात गूळ-तूप घालून मलिदा केलेला, तो पितळी ताटात. आणि बकरं कापायला गावातला मुलाणी. हे फक्त पिरापुढं होतं असंही नाही. मराठवाड्यात कित्येक गावी देवीच्या, म्हसोबाच्या कंदुरीलाही बकऱ्यावर सुरी चालवायला मुलाणीच लागतो. त्यानं हलाल केल्याशिवाय घरातली जुनी माणसं ताटाला हात लावत नाहीत. त्याच्या वाट्याला ठरलेला हिस्सा येतो, पूर्वी सुगीला बलुतंही यायचं. मी त्या मुलाण्याला विचारलं, देवीपुढं कापताना काही वाटत नाही का? तो सुरी पुसत म्हणाला, "मी माझं नाव घेऊन कापतो, ते त्यायचं नाव घेऊन खातेत." आणि मला मलिदा घ्यायचा आग्रह करायला लागला.

याला सलोखा म्हणावं का? मला वाटतं हे त्याहून कोरडं आणि त्याहून टिकाऊ काहीतरी आहे. गावगाड्यात प्रत्येकाचं काम ठरलेलं. मनियार बांगड्या भरणार, पिंजारी गादीचा कापूस पिंजणार, अत्तार सुगंधी द्रव्यं विकणार, तांबोळी पान. हे सगळे मुस्लिम, आणि प्रत्येकाची सोयरीक आपल्या आपल्यात. जातीचं कुंपण इस्लाममध्ये नाही असं पुस्तकात असेल. मराठवाड्यात ते आहे, आणि त्यातल्या कित्येकांची नावं इतर मागासवर्गीयांच्या यादीतही आहेत. शेजार होता, रोटीबेटी नव्हती. आजही नाही. कुणी ओलांडू बघितलं तर काय होतं हे सांगायला मला कुणीच तयार नव्हतं, आणि त्या गप्प बसण्यातच उत्तर होतं.

परभणी स्टेशनाबाहेर पहिल्याच रिक्षाच्या पाठीवर लिहिलेलं होतं: जगात जर्मनी, भारतात परभणी. या म्हणीचा उगम विचारला तर चार माणसं चार गोष्टी सांगतात आणि चौघंही शपथेवर सांगतात. शहर 2011 ला 3 लाख 7 हजारांचं, आता बरंच पसरलेलं. 1972 मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाचं विस्तीर्ण आवार सोडलं तर दाटीवाटीचं.

मी गेलो ते हजरत तुराबुल हक यांच्या उरसाच्या दिवसांत. इथं पहिला धक्का बसला. उरूस म्हणजे हिजरी तारीख, दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागं सरकणारी, असं माझ्या डोक्यात. परभणीचा उरूस दर फेब्रुवारीत, इंग्रजी महिन्याप्रमाणे. त्यामुळे तो कधी पावसाळ्यात जात नाही, कधी उन्हाळ्यात होरपळत नाही. कापूस विकून हातात पैसा असतो आणि ज्वारी काढायला अवकाश असतो, नेमक्या त्याच दिवसांत तो भरतो. संदलची मिरवणूक, कव्वाली, पाळणे, मौत का कुआँ, भांड्यांची आणि घोंगड्यांची दुकानं. हलवा-पराठ्याच्या दुकानापुढं मी बराच वेळ उभा होतो. कारागीर मैद्याचा गोळा हातावर झेलत झेलत चादरीएवढा करतो, प्रचंड कढईत सोडतो, लांब सळयांनी उलटतो. मग तो तोडून तराजूत वजनावर विकतात, वर केशरी हलवा. तागडीपुढच्या गर्दीत टोपी, कुंकू, निळा गमछा, धोतर, बुरखा, सगळं. गर्दीतली बरीच माणसं खेड्यातली, हिंदू, आणि दर्ग्यात डोकं टेकवून आधी पाळण्याकडे धावणारी पोरं त्यांचीच.

पण याच शहरात 21 नोव्हेंबर 2003 ला, शुक्रवारी, मोहम्मदिया मशिदीत बॉम्बस्फोट झाला. पुढच्या ऑगस्टमध्ये जालना आणि पूर्णा इथं तसेच स्फोट झाले. आणि मराठवाड्यातल्या निवडणुकांत शिवसेनेची 'खान हवा की बाण' ही घोषणा वर्षानुवर्षं चालली. परभणी लोकसभा मतदारसंघ 1989 पासून, अधूनमधूनचा अपवाद वगळता, शिवसेनेचा. मग शिवसेना फुटली, धनुष्यबाण एकीकडे गेला आणि मशाल दुसरीकडे. 2024 ला संजय जाधव मशालीवर निवडून आले, आणि मुस्लिम मतं मोठ्या प्रमाणात मशालीला पडली याची चर्चा राज्यभर झाली. दर्गा रोडवरच्या चहावाल्यानं एका वाक्यात निकाल लावला: "बाणच गेला तर खानाचं भांडण कोणाशी?" मी हसलो, तो हसला नाही.

निजामाचं राज्य बुडालं त्या काळाच्या आठवणी मात्र दोन्हीकडे वेगळ्या सांभाळलेल्या आहेत. हिंदू घरांत रझाकारांच्या गोष्टी आहेत: लूट, पळून सरहद्दीपलीकडच्या वऱ्हाडात जाणं, जाळलेली गावं. मुस्लिम घरांतल्या गोष्टी सुरू होतात 17 सप्टेंबर 1948 नंतर. त्या वर्षाअखेरीस पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं हैदराबाद राज्यात फिरून अहवाल दिला. पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर 27 ते 40 हजार माणसं मारली गेली असा तिचा अंदाज होता, आणि सर्वांत जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत शेजारचं नांदेड होतं. अहवाल कैक दशकं दाबून ठेवला गेला. रझाकारांविरुद्ध लिहिलं म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये मारला गेलेला 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान मुस्लिमच होता, ही गोष्ट दोन्ही घरांत फारशी सांगितली जात नाही.

त्या काळच्या परभणीत बांधकाम खात्याच्या कचेरीत एक कारकून बसायचा. भगवान रघुनाथ कुलकर्णी, म्हणजे बी. रघुनाथ. जन्म 1913, सातोन्याचा. दिवसभर सरकारी उर्दू कागद, रात्री मराठी कविता आणि कादंबरी. 1953 मध्ये कचेरीतच, कामावर असताना, ते गेले. त्यांच्या नावाचं सभागृह शहरात आहे. मराठी साहित्यात त्यांना मिळायची तेवढी जागा मिळाली नाही, आणि त्याचं एक कारण पुण्या-मुंबईच्या वाचकाला निजामाच्या मुलखातलं मराठी मध्यमवर्गीय जगणं परकं वाटलं हे असावं.

ते उर्दू कागद मेलेले नाहीत. सप्टेंबर 2023 मध्ये सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, आरक्षणासाठी मराठवाड्यातल्या मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला. नोंदी निजामकाळातल्या, म्हणजे उर्दूत आणि मोडीत. तहसिलींची दप्तरं उघडली गेली आणि ती वाचणारं माणूस कुठाय म्हणून धावाधाव झाली. मला परभणीत एक निवृत्त उर्दू शिक्षक भेटले. महिनोन्‌महिने लोक त्यांच्याकडे जुन्या कागदांच्या झेरॉक्स घेऊन यायचे. खुर्चीत बसून भिंग लावून ते शिकस्त लिपीतली ओळ वाचायचे, समोरचा पाटील श्वास रोखून बसायचा. "कुणबी निघालं की पेढे, नाही निघालं की चहासुद्धा न घेता जायचे," गुरुजी सांगत होते. सप्टेंबर 2025 मध्ये हैदराबाद गॅझेटचा आधार घेणारा शासन निर्णय निघाला, तेव्हा त्यांच्या दारात पुन्हा रांग लागली. त्यांच्या स्वतःच्या नातवाला उर्दू वाचता येत नाही. तो इंग्रजी शाळेत आहे.

पूर्णेला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये माझ्या बाकावर निळ्या दोऱ्याची माळ घातलेला एक रेल्वेतला निवृत्त फिटर बसला होता. परभणीतले हिंदू-मुसलमान बघायला आलो म्हटल्यावर तो जरा चिडलाच. "आमचं काय मग? आमी कोण?" तो बरोबर होता. परभणीतला अलीकडचा मोठा उद्रेक हिंदू-मुस्लिमांचा नव्हता. 10 डिसेंबर 2024 ला स्टेशनजवळच्या डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीचा बंद चिघळला, पोलिसांनी वस्त्यांतून धरपकड केली, आणि 15 डिसेंबरला अटकेतल्या एका कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. पुढं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायचा आदेश दिला आणि तो सर्वोच्च न्यायालयातही टिकला. पूर्णा हे रेल्वेचं गाव. रेल्वेच्या पगारानं इथल्या बौद्ध वस्तीला गावगाड्याच्या बाहेर पडायची वाट दिली. बलुत्यात ज्यांच्या वाट्याला सगळ्यात हलकं काम होतं, त्यांना गावच्या जुन्या देवाणघेवाणीचं कौतुक का असावं? कंदुरीच्या ओट्यावर मला जे टिकाऊ वाटलं होतं, ते या माणसाच्या आज्यानं पायाखाली तुडवून स्टेशनची वाट धरली होती.

पूर्णेहून ताडकळस, पालम करत गंगाखेडला आलो. गोदावरीचं पात्र रुंद, पाणी कमी, घाटावर दशक्रियेची माणसं. हे संत जनाबाईचं गाव. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणारी ही बाई शूद्र आणि दासी, आणि तिचं मंदिर आज गावाचा मान. नामदेवांचं नरसी 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं. त्या वर्षी 1 मे ला हिंगोली वेगळा झाला आणि नरसी तिकडे गेलं.

घाटावरून परत येताना रस्त्याकडेच्या आखाड्यावर एक शेतकरी दोन म्हातारे बैल पेंड्यांवर बांधून बसला होता. 2015 मध्ये बैल कापण्यावरही राज्यात बंदी आली, तेव्हापासून भाकड बैलाचा बाजार उठला. 2025 च्या पावसाळ्यात कुरेशी समाजानं, गोरक्षकांच्या मारहाणीला आणि वसुलीला वैतागून, राज्यभर जनावरांची खरेदीच बंद केली; म्हशीसुद्धा घेईनात. बाजारात भाव पडले आणि शेतकरी संघटना कुरेश्यांच्या बाजूनं बोलायला लागल्या. या शेतकऱ्याच्या दारी पूर्वी दर दोन-तीन वर्षांनी गंगाखेडचा एक कुरेशी यायचा, बैल घेऊन जायचा, आणि त्या पैशात भर घालून हा नवा गोऱ्हा आणायचा. आता यानं ट्रॅक्टर भाड्यानं लावलाय. बैलांना रोज दोन पेंड्या कडबा लागतो.

"मग त्यांना फोन नाही केला?" मी विचारलं.

"केला की. म्हणला, पाटील, तुमचा बैल घेतो, पण गाडीत माझ्या शेजारी तुमी बसा, नांदेडपर्यंत."

"मग?"

"बसलो असतो," तो कडबा सारत म्हणाला, "पर आमचं पोरगंच त्या गोरक्षकात हाय."